सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

ऑगस्ट उजाडला की सातपाटी, मुरबे, नवापूर, उच्छेळी, दांडी या किनाऱ्यावरच्या गावांत पहाटेच्या अंधारात सेल्फचा आवाज सुरू होतो. खर्र-खर्र-खर्र. मग थोडी शांतता. मग पुन्हा तेच. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात, आणि बोटींच्या जिवावर चालणाऱ्या पिकअपही कुणाच्या अंगणात, कुणाच्या माडाखाली ताडपत्री टाकून उभ्या असतात. दोन महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा त्या गाड्यांवरून जातो. बंदी उठते, बर्फ भरायला निघायची वेळ होते, चावी फिरते, सेल्फ फिरतो आणि इंजिन काही पकडत नाही.

मग चार माणसं जमतात आणि चार मतं होतात. बॅटरी उतरली. पंप गेला. एअर घेतली. हीटर बघ. चारही मतं बरोबर असू शकतात, हीच अडचण आहे. त्यातलं आपल्या गाडीच्या बाबतीत कुठलं बरोबर, हे एकही पाना न लावता किती ओळखता येईल आणि पाना लावायचाच तर पहिला कुठे लावायचा, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

एकाच तक्रारीवर एवढी पानं खर्चावीत का, असं मला विचारलं गेलं. माझं उत्तर असं. सेल्फ अजिबात फिरत नसेल तर शोध लहान असतो: बॅटरी, केबल, स्टार्टर, संपलं. गाडी चालू असून ओढत नसेल, धूर टाकत असेल, तर इंजिन स्वतःच बोलत असतं; ऐकणाऱ्याला कान हवेत. पण सेल्फ फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, ही अवस्था अधलीमधली आहे. इथे अंदाजाला सगळ्यात जास्त जागा मिळते आणि म्हणून मालकाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. तीस वर्षांहून जास्त काळ डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवताना आणि संध्याकाळी बोईसरच्या गॅरेजांतून बसताना मी हे पाहत आलो आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. कागदावर जिल्हा नवा असला तरी त्याचा माल वाहणाऱ्या गाड्या जुन्या आहेत. घोलवड-डहाणूचा चिकू, केळवे-माहीमचं पान, वाणगावची मिरची, वाड्याचा कोलम, सातपाटीचा पापलेट, यातलं काहीही मोठ्या ट्रकची वाट पाहत थांबत नाही. वाडीपासून स्टेशनपर्यंत, जेट्टीपासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत, शेतापासून हायवेपर्यंत ते पिकअपनेच जातं. दुसरीकडे कारखान्यांचं जग आहे. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झालं. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिला नावही तारापूर एमआयडीसीच मिळालं, पण ती आहे बोईसरला लागून, सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे या गावांच्या शिवारात. तिथेही रिकामे ड्रम, पॅलेट, वेल्डिंगचं सामान, कँटीनची भाजी हे सगळं पिकअपच्याच पाठीवर असतं. चालक बहुतेक वेळा मालकही असतो आणि गाडीचा हप्ता संपलेला असतो तो गाडी जुनी झाल्यामुळे. नवी घेण्याइतकं उत्पन्न नाही, जुनी सोडण्याइतकी उसंत नाही, अशा माणसांच्या या गाड्या आहेत.

त्या गाड्यांची घराणी वाचकाने ओळखून घ्यावीत, कारण उपाय घराण्यागणिक बदलतो. महिंद्राच्या जुन्या गाड्यांत प्यूजोच्या परवान्याने बनवलेलं २११२ सीसीचं इंजिन असे. त्यात डिझेल सरळ सिलिंडरमध्ये न पडता शेजारच्या एका छोट्या कोठडीत पडतं. अशा इंजिनाला थंड असताना हीटर प्लगची मदत लागते. त्यानंतरचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन ट्रॅक्टरच्या इंजिनावरून आलेलं. तिथे डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं, आणि आपल्या किनाऱ्याच्या उबदार हवेत त्याला हीटरवाचून फारसं अडत नाही. २००५ साली आलेल्या छोट्या टाटा एसमध्ये ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं, तेही कोठडीवालं. वाड्या-विक्रमगडकडे अजून धावणाऱ्या टाटा २०७ वेगळ्या. आपल्या गाडीचं इंजिन यातलं कुठलं, हे ज्याला सांगता येत नाही त्याला हीटर तपासायचा की नाही हेही ठरवता येणार नाही.

आता मूळ गोष्ट. डिझेलला ठिणगी लागत नाही. स्कूटर-रिक्षावर हात बसलेले मुलगे डिझेलकडे येतात तेव्हा त्यांची नजर अजून ठिणगी शोधत असते. ती सवय आधी सोडावी लागते. सायकलच्या पंपाने जोरजोरात हवा भरली की पंपाचं बूड हाताला चटका देतं. दाबलेली हवा तापते. रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि १८९७ साली आउग्सबुर्गला जी चालवून दाखवली, ती एवढीच: हवा इतकी दाबायची की ती स्वतःच इंधन पेटवेल. डीआय इंजिनात हवा साधारण १७ ते १९ पट दाबली जाते, कोठडीवाल्या इंजिनात २१-२२ पट. ती ५०० अंशांच्या वर तापते. डिझेल त्याच्या निम्म्याहून कमी उष्णतेला पेट घेतं. म्हणजे इंजिन सुरू व्हायला दोनच गोष्टी हव्यात: पुरेशी तापलेली हवा आणि त्या हवेत वेळेवर, धुक्यासारखं बारीक होऊन पडलेलं डिझेल.

म्हणून पहिले प्रश्नही दोनच: डिझेल पोचतंय का, आणि हवा तापतेय का? या दोन्हींचं उत्तर एकाच जागी मिळतं आणि ती जागा बॉनेटखाली नाही. ती गाडीच्या मागे आहे, सायलेन्सरच्या तोंडाशी.

नवा मुलगा गॅरेजात आला की तो आधी बॉनेट उघडतो. मी त्याला मागे पाठवतो. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरपाशी उभं राहायचं. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. मग अर्धा मिनिट थांबून पुन्हा दहा सेकंद, म्हणजे स्टार्टर जळणार नाही. सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आला, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेलं आहे आणि जळायचं राहिलं आहे. टाकी, लाइन, फिल्टर, पंप यांच्याकडे धावण्याचं कारण तूर्त उरत नाही. दोष हवेच्या तापण्यात शोधायचा. आणि काहीच आलं नाही, नुसती कोरडी हवा फुसफुसली, तर डिझेल पोचतच नाही. मग हीटर, कॉम्प्रेशन यांना हात लावायचा नाही. अर्धी गाडी अशी एका मिनिटात बाजूला पडते. पावसाळ्यात सायलेन्सरमधल्या ओलाव्याची वाफ धुरासारखी दिसते आणि पहाटे अंधारात धूर दिसतच नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. नाकावर विसंबा. वाफेला वास नसतो.

ही पुस्तिका या एका खुणेभोवती रचली आहे. पहिला भाग धूर येत नाही अशा गाडीचा, दुसरा पांढरा धूर येतो अशा गाडीचा. पाठ्यपुस्तकं बॅटरीपासून सुरुवात करून भागांच्या क्रमाने पुढे जातात. ते शिकायला बरं, पण रस्त्यावर उभ्या गाडीपाशी त्या क्रमाचा उपयोग होत नाही.

धूर नसलेल्या गाडीत आधी फुकटातल्या गोष्टी येतात. टाकीत डिझेल आहे का. काट्यावर विश्वास न ठेवता टाकीवर टिचकी मारून बघा. इंजिन बंद करायची ओढवायर, म्हणजे स्टॉपर, ज्या गाड्यांना आहे त्यांत ती खाऱ्या हवेने गंजून ओढलेल्या जागीच अडकून बसते. चालक नॉब आत ढकलतो, नॉब जातो, पण पंपावरचा लिव्हर हलत नाही. दोन महिने किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीत मी सगळ्यात आधी हाच लिव्हर बोटाने हलवून पाहतो. वायरऐवजी सोलेनॉइड असेल तर चावी फिरवून, सेल्फ न मारता, पंपापाशी कान द्यायचा. टक् असा आवाज यायला हवा. आला नाही तर फ्यूज, वायर आणि मग सोलेनॉइड. इथे एक चकवा आहे. काही जुन्या चावीच्या स्विचचे पॉइंट असे झिजतात की चावी एका जागी असताना करंट मिळतो आणि सेल्फच्या जागी नेली की तुटतो. ओळख अशी की दहा सेकंद काही होत नाही आणि चावी सोडता सोडता इंजिन क्षणभर पकडल्यासारखं करतं. हा दोष स्विचचा असताना त्याच्यापायी पंप उतरवलेले मी पाहिले आहेत.

एअरबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण या विषयात मी स्वतः चुकलो आहे.

ट्रेड शिकवायला लागलो त्या सुरुवातीच्या काळात चिकूच्या वाडीवरची एक जुनी पिकअप माझ्याकडे आली. आधी महिनाभर सकाळी लांबलचक सेल्फ मारावा लागत होता, मग एक दिवस ती स्टार्ट घेईनाशी झाली. सायलेन्सर कोरडा. फिल्टर बदलला, प्रायमरने हवा काढली, गाडी चालू झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पंपाचं निदान केलं आणि पंप उतरवून बेंचवर पाठवला. चौथ्या दिवशी पंप परत आला, बसवला, आणि पुढच्या सकाळी गाडी पुन्हा तशीच. चार दिवसांत त्या माणसाचा तोडलेला चिकू मऊ पडला. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी, ज्यांचा अर्धा जन्म मासेमारीच्या बोटींच्या इंजिनांवर गेला होता, टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि मला सेल्फ मारायला सांगितला. नळीतून डिझेलबरोबर बुडबुड्यांची रांग चालली होती. टाकीच्या वर चेसिसला घासून रबरी पाइपला केसाएवढी चीर पडली होती.

मी ती चीर का पाहिली नव्हती? कारण मी गळती शोधत होतो, आणि तिथे डिझेलचा थेंबही नव्हता. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा आहे. तिथे छिद्र पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभर त्या चिरेतून हवा शिरते, लाइनीतलं डिझेल टाकीकडे उतरतं, आणि सकाळी पंपाला घोटभर हवा प्यावी लागते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. पंपाने कितीही जोर लावला तरी मधला बुडबुडा आकसतो आणि नोझल उघडतच नाही. त्या गाडीची मजुरी मी घेतली नाही. पंपाचे पैसे मात्र त्या माणसाचे गेलेच, आणि चिकूचेही.

बोटीवरच्या मिस्त्रींना हे का ठाऊक होतं, याचा मी नंतर विचार केला. किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिनाने एअर घेतली तर तिथे धक्का मारायला कुणी नसतं. त्यामुळे सातपाटीच्या किंवा डहाणूच्या बोटीवर काम केलेला माणूस डिझेलची लाइन टाकीपासून नोझलपर्यंत बोटांनी वाचतो. प्रत्येक वॉशर, प्रत्येक क्लिप. त्या माणसांचं हे ज्ञान कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. या पुस्तिकेतलं एअरचं प्रकरण सगळ्यात मोठं आहे ते त्यांच्यामुळे. फिल्टरवरचा स्क्रू किती ढिला करायचा, प्रायमर कधीपर्यंत मारायचा, नोझलच्या पाइपांचे नट कुठल्या क्रमाने ढिले करून सेल्फ मारायचा, आणि तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे तर कसे, हे तिथे पावलापावलाने दिलं आहे.

पाण्याची गोष्ट याच भागात येते. आपल्याकडे पाऊस चार महिने असतो. अर्ध्या भरलेल्या टाकीत ओल धरते, आणि घराच्या पडवीत ड्रममध्ये डिझेल ठेवायची पद्धत किनाऱ्यावर आहेच. फिल्टरखालचा नॉब सोडून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि चहा होईपर्यंत बाटली उभी ठेवा. पाणी खाली बसतं आणि रेघ स्वच्छ दिसते. उभी ठेवायच्या गाडीची टाकी मेअखेरीस काठोकाठ भरावी, हा सल्ला मी प्रत्येक मच्छीमार मालकाला देतो. हवेला जागाच नसेल तर ओल कुठे धरेल?

आणखी एक दुखणं आहे, जे थंड गाडीत दिसतच नाही. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी चालू होते. पालघरहून माल भरून निघते, वाघोबा खिंड चढते, मनोरला चहाला थांबते. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली की नुसता सेल्फ. अर्ध्या-पाऊण तासाने, काहीही न करता, पुन्हा चालू. चालक म्हणतो, गाडी तापली. तापलं आहे ते डिझेल. गोल घडणीच्या, म्हणजे रोटरी पंपाच्या आतले भाग झिजले की त्यांच्यातल्या फटी वाढतात. थंड डिझेल थोडं दाट असतं, ते फटीतून फार निसटत नाही. तापून पातळ झालेलं डिझेल मात्र सेल्फच्या मंद फिरण्यात दाब तयार होण्याआधीच निसटून जातं. परीक्षा सोपी आहे. ओलं फडकं पंपावर पाच मिनिटं गुंडाळून ठेवा. फक्त पंपावर, तापलेल्या ब्लॉकवर पाणी ओतू नका. त्यानंतर गाडी पटकन पकडली तर दोष पंपाच्या झिजेचा आहे आणि आता मात्र पंप बेंचवर पाठवायलाच हवा. या पंपाला वंगण म्हणून डिझेलच मिळतं, दुसरं तेल नाही. रॉकेल मिसळलेल्या डिझेलवर चाललेला पंप लवकर झिजतो तो यामुळे. रेशनच्या रॉकेलला निळा रंग द्यायचे तो ही भेसळ ओळखू यावी म्हणूनच.

जुने चालक या पंपाला अजून मायको म्हणतात. बेंगळुरूला १९५१ साली सुरू झालेल्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण गॅरेजात ते बदललं नाही. तिची नोझल आपल्याच राज्यात, नाशिकच्या सातपूरमध्ये तयार होतात. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ साली डिझेलचे पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली, त्याआधी डिझेल इंजिन बहुतांशी कारखान्यांत आणि जहाजांत अडकून पडलं होतं. हाताच्या पंजाएवढ्या या वस्तूमुळे ते रस्त्यावर आलं. ज्या वस्तूची घडण इतकी बारीक, तिला अंदाजाने उघडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता धूर येणाऱ्या गाडीकडे. डिझेल पोचतंय, हवा पुरेशी तापत नाही. इथे बहुतेक जण हीटरकडे बघतात आणि कोठडीवाल्या इंजिनात ते बरोबरही आहे. चारपैकी दोन हीटर गेले की डिसेंबरातल्या डहाणूच्या पहाटेला गाडी अडून बसते. पण किनाऱ्यावरच्या गाडीत मी त्याआधी अर्थिंग तपासतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसिसपर्यंत आणि चेसिसपासून इंजिनपर्यंत जी विणलेली तांब्याची पट्टी असते, ती मासळीच्या पेट्यांमधून गळणाऱ्या खाऱ्या पाण्याने खाल्ली जाते. वरून हिरवी झालेली दिसते, आतून चार तारा उरलेल्या असतात. सेल्फला शेकडो अँपिअर करंट लागतो. तो परतायला वाट मागतो, पट्टीतून मिळाली नाही तर क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरमधून परततो. सेल्फ मारल्यावर ती वायर हाताला गरम लागली तर पुढे काही तपासायची गरजच नाही. सेल्फ फिरतो, पण संथ. डिझेल इंजिन पकडायला मिनिटाला किमान दीडशे-दोनशे फेरे लागतात. त्याहून संथ फिरलं की दाबलेल्या हवेची ऊब सिलिंडरच्या भिंती पिऊन टाकतात आणि हवा रिंगांच्या बाजूने निसटते. म्हणजे सेल्फ फिरतो म्हणून बॅटरी ठीक, हा समज चुकीचा आहे. सेल्फ मारत असताना मीटर लावा: बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या खाली काटा जाता कामा नये. आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या ब्लॉकला एक जाड जंपर केबल लावून पाहा. गाडी लगेच उठली, तर तीनशे रुपयांच्या आतलं काम आहे.

नव्या कॉमनरेल गाड्यांना या पुस्तिकेत मी थोडीच पानं दिली आहेत. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर इंजिनाची सूत्रं सेन्सर आणि कॉम्प्युटरकडे गेली. तिथे क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला किंवा रेलमध्ये पुरेसा दाब तयार झाला नाही तर कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. स्कॅनर लावल्याशिवाय त्या गाडीत शिरू नये. एक मात्र सांगतो. भातकापणीनंतर खाचरातले उंदीर आसरा शोधत बॉनेटखाली येतात आणि वायरिंग कुरतडतात. नोव्हेंबर-डिसेंबरात वाडा, विक्रमगड, जव्हारकडून आलेली अशी गाडी स्कॅनरआधी टॉर्चने बघावी.

सावधगिरीच्या तीन गोष्टी प्रस्तावनेतच लिहितो, कारण पुढची पानं सगळेच वाचतील असं नाही. नोझलमधून उडणाऱ्या डिझेलपुढे बोट धरू नका. जुन्या पंपाचाही दाब शंभर-दोनशे बार असतो, डिझेल कातडी भेदून आत जातं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावं लागू शकतं. तसं झालं तर तास न दवडता हॉस्पिटल गाठा. कॉमनरेलमध्ये हाच दाब हजार बारच्या वर जातो, तिथे इंजिन फिरत असताना पाइपचा नट ढिला करायचाच नाही. आणि हवेच्या फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरून किंवा स्प्रे मारून गाडी उठवायची पद्धत बंद करा. हीटर तापलेला असताना ती वाफ वेळेआधी पेटते, पिस्टन आणि रिंगा फुटतात, कधी हातही भाजतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या हातावर त्याची खूण आहे.

सगळं तपासून झालं. अर्थिंग नवी, बॅटरी भरलेली, हीटर लाल होतात, डिझेल स्वच्छ, धूर पांढराच. मग उरतं ते कॉम्प्रेशन. इथेही आधी कान लावा. निरोगी इंजिन सेल्फवर एका लयीत अडत-अडत फिरतं, प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना सेल्फला रोखतो. एका सिलिंडरचा दाब गेला की त्या लयीत एक पायरी चुकते. टायमिंगच तुटलं असेल तर अडणं सगळं नाहीसं होतं, सेल्फ शिलाई मशीनसारखा मोकळा पळतो; तसा आवाज आला तर पुन्हा सेल्फ मारू नका, वाल्व पिस्टनवर आपटलेले असतील. तेलाचं झाकण काढून, इंजिन हाताने हळू फिरवून, आत रॉकर हलतात का एवढं पाहा. ते हलत असतील तर कॉम्प्रेशनचा मीटर लावून चारही सिलिंडर मोजायचे, ज्याचा आकडा कमी येईल त्यात अगदी चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा आणि बोअर, जागचा हलला नाही तर वाल्व किंवा हेड गॅस्केट.

तिथे ही पुस्तिका थांबते. हेड उतरवणं हे वेगळं काम आहे, त्याचं पुस्तक वेगळं असायला हवं, आणि जुन्या गाडीवर तेवढा खर्च करायचा की नाही हे मालकाने ठरवायचं. तो निर्णय त्याने गॅरेजवाल्याच्या तोंडी शब्दावर घेऊ नये. म्हणून मागच्या पानांवर रकाने छापले आहेत: सेल्फ मारतानाचे व्होल्ट, धुराचा रंग आणि वास, चार सिलिंडरांचे आकडे कोरडे आणि तेल टाकून. मिस्त्रीने ते भरावेत, खाली तारीख टाकावी आणि पान फाडून मालकाच्या हातात द्यावं.